देवीने डोळे मागितले, म्हणजे नेमके कोणी मागितले?

प्रश्न विचारणारी मुलगी २३ वर्षांची, गंगावेशीकडच्या एका मूर्तिकाराच्या घरातली. तिने लिहिलेलं थोडक्यात असं: "चैत्रात आज्जी गेली. तेव्हापासून एकच स्वप्न पुन्हा पुन्हा पडतंय. आमच्या कारखान्यात नवरात्रातल्या देवीची मूर्ती उभी आहे. रंगकाम सगळं झालंय, फक्त डोळे आखायचे राहिलेत. ती कोऱ्या डोळ्यांनी माझ्याकडे बघते आणि म्हणते, मला डोळे दे. मी ब्रश शोधते, सापडत नाही, आणि घामाघूम होऊन जागी होते. घरचे म्हणतात, देवीचं काहीतरी राहिलंय. एका जाणत्याने उताऱ्याचा आणि पूजेचा मोठा खर्च सांगितलाय. बी.एस्सी. करणारा चुलतभाऊ म्हणतो, स्वप्न म्हणजे मेंदूतला कचरा, लक्ष देऊ नको. मला चित्रं काढायची आवड आहे, हे स्वप्न रंगवावंसं वाटतं, पण भीतीही वाटते. खरं काय मानायचं?" शेवटी जाता जाता एक वाक्य आहे: "आमच्याकडे डोळ्यांची आखणी फक्त बाबा आणि काका करतात."

मी बरीच वर्षं कोल्हापुरात मनोविकारतज्ज्ञ म्हणून काम करतोय. नुसतं स्वप्न घेऊन माझ्याकडे कोणी येत नाही. आधी देवळात कौल लावून होतो, मग जाणत्याकडे जाऊन येणं होतं, आणि झोप पारच उडाली की कोणीतरी आमच्याकडे पाठवतं. त्यामुळे तुमच्या घरच्यांचं म्हणणं मला परकं नाही. माझं मत सुरुवातीलाच सांगतो. ते डोळे मागणाऱ्या तुम्हीच आहात. हे ऐकून स्वप्नाची किंमत उतरली असं वाटून घेऊ नका, माझ्या लेखी ती याच कारणाने वाढते. तुम्हाला न भेटता लिहितोय, म्हणून शेवटचा निवाडा तुमचा.

आधी स्वप्न तयार कसं होतं ते बघू. रात्रभराची झोप एकसारखी नसते. साधारण दीड-दीड तासाची चार-पाच चक्रं होतात आणि प्रत्येक चक्राच्या शेवटी एक वेगळीच झोप येते. अंग पूर्ण सैल पडलेलं, पण बंद पापण्यांखाली बुबुळं भराभर हलत असतात. शिकागो विद्यापीठात यूजीन ॲसेरिन्स्की आणि नेथॅनिअल क्लाइटमन यांनी १९५३ साली ही झोप नोंदवली. अशा वेळी माणसाला उठवलं तर तो बहुतेकदा लांबलचक, रंगीत स्वप्न सांगतो. आम्ही तिला रेम झोप म्हणतो. मोठ्या माणसाच्या झोपेचा साधारण पाचवा ते चौथा हिस्सा ती व्यापते. इतर टप्प्यांतही स्वप्नं पडतात, पण ठसठशीत कथा असलेली इथे जास्त.

हे रेमचे टप्पे पहाटेकडे लांबत जातात. मध्यरात्री जो टप्पा पाच-दहा मिनिटांचा, तो पहाटे अर्ध्या तासापर्यंत जातो, आणि त्यातूनच आपण थेट जागे होतो. म्हणून पहाटेचं स्वप्न स्पष्ट आठवतं आणि मनावर बसतं. "पहाटेचं स्वप्न खरं होतं" या समजुतीचं मूळ मला इथे दिसतं. जे इतकं लख्ख आठवतं ते खरंही असणार, असं माणूस धरून चालतो. आणि एखादं स्वप्न खरं झाल्याचं आपण सांगतो तेव्हा न झालेल्यांची नोंद कोणी ठेवलेली नसते. २०११ च्या जनगणनेत कोल्हापूर शहराची लोकसंख्या साडेपाच लाखांच्या आसपास होती. माणशी चार स्वप्नं धरली तरी एका रात्रीत या शहरात वीस-बावीस लाख स्वप्नं पडतात. त्यातली काही दुसऱ्या दिवशीच्या घटनेशी जुळली नाहीत तरच नवल.

रेम झोपेत मेंदूतली भावनेची केंद्रं जोरात चालतात, दृश्यं घडवणारे भागही जागे असतात. पण "थांब, हे शक्य आहे का?" असं विचारणारा कपाळामागचा भाग मंदावलेला असतो. म्हणून मूर्ती बोलते आणि स्वप्नात तुम्हाला त्याचं आश्चर्य वाटत नाही. हातापायांचे स्नायू मेंदूने मुद्दाम ढिले सोडलेले असतात, नाहीतर आपण स्वप्नातली प्रत्येक हालचाल अंथरुणात केली असती. धावायचंय पण पाय उचलत नाहीत, ओरडायचंय पण आवाज फुटत नाही, अशी स्वप्नं जवळजवळ सगळ्यांना माहीत असतात. कधीकधी जाग आधी येते आणि स्नायू सुटायला थोडा वेळ लागतो. डोळे उघडे, अंग जखडलेलं, छातीवर कोणीतरी बसल्यासारखं. खेडोपाडी याला मुंजा बसला म्हणतात. ही अवस्था काही सेकंदांत, फार तर दोन-चार मिनिटांत आपोआप जाते. तिच्यापायी कोंबडं कापायची गरज नाही.

तुमच्या घरात गणपतीच्या आधीचे दोन-अडीच महिने रात्रपाळी चालत असणार. कारखान्यातली माणसं दोन-तीनला झोपतात, हे मी जाणून आहे. झोप तुटत गेली की मेंदू मिळेल त्या झोपेत रेमची तूट भरून काढतो, आणि स्वप्नं जास्त तीव्र, जास्त भयंकर होतात. आज्जीचं जाणं आणि हे जागरण, एवढ्याने स्वप्नांचा जोर का वाढला याचं बरंचसं उत्तर मिळतं. ते स्वप्न हेच का, याचं मात्र मिळत नाही.

त्यासाठी आपल्याकडे एक फार जुनं, शहाणं वर्गीकरण आहे. चरकसंहितेच्या इंद्रियस्थानात स्वप्नाचे सात प्रकार सांगितलेत: दृष्ट, श्रुत, अनुभूत, प्रार्थित, कल्पित, भाविक आणि दोषज. पाहिलेलं, ऐकलेलं, अनुभवलेलं, मागितलेलं, कल्पिलेलं, पुढचं सुचवणारं आणि शरीरातल्या दोषातून उपजलेलं. यातले पहिले पाच निष्फळ समजावेत, वैद्याने त्यांवरून भाकीत करू नये, असं चरक स्वच्छ सांगतात. भाविकाला त्यांनी जागा ठेवली आहे, तिथे मी त्यांच्याबरोबर जात नाही. पण दिवसभरात पाहिलेलं-ऐकलेलं आणि मनातून मागितलेलं स्वप्नात येतं, ही बाब त्यांनी इतक्या नेमकेपणाने मांडली आहे की आजच्या प्रयोगशाळेत तिच्यात फारशी भर पडलेली नाही.

एक प्रयोग मात्र सांगण्यासारखा आहे. हार्वर्डच्या रॉबर्ट स्टिकगोल्ड यांनी २००० साली काही लोकांना रोज टेट्रिस हा ठोकळे रचायचा खेळ खेळायला लावला. झोप लागता लागता बऱ्याच जणांना ठोकळे पडताना दिसायला लागले. त्यांत काही रुग्ण असे होते की मेंदूच्या इजेमुळे त्यांच्या नव्या आठवणी टिकतच नव्हत्या. आपण कधी असा खेळ खेळलो हे त्यांना आठवत नव्हतं, आणि तरी त्यांनाही ठोकळे दिसले. "मनी वसे ते स्वप्नी दिसे" म्हणतो, पण मनात काय वसलंय हे दरवेळी आपल्याला ठाऊक असतंच असं नाही.

आता तुमच्या चुलतभावाचा कचरा. ही कल्पना त्याच्या डोक्यातून आलेली नाही. डीएनएची रचना शोधणाऱ्या जोडीतले फ्रान्सिस क्रिक यांनी ग्रॅहम मिचिसन यांच्यासोबत १९८३ साली असंच काहीसं मांडलं होतं: मेंदू रेम झोपेत नको असलेले दुवे पुसून टाकतो आणि आपण विसरण्यासाठी स्वप्न पाहतो. त्याआधी १९७७ साली ॲलन हॉब्सन आणि रॉबर्ट मॅककार्ली म्हणाले होते की मेंदूच्या देठातून उठणाऱ्या विस्कळीत संदेशांना मेंदूचा वरचा भाग कशीबशी गोष्ट बनवतो, ते स्वप्न. पुढे मार्क सोल्म्स यांनी मेंदूला इजा झालेल्या रुग्णांना त्यांच्या स्वप्नांबद्दल बारकाईने विचारलं. त्यात दिसलं की इच्छा आणि ओढ यांच्याशी जोडलेला पुढच्या बाजूचा भाग दुखावला की स्वप्नं बंद पडतात, रेम झोप चालू राहिली तरीही. भांडण अजून मिटलेलं नाही, पण "निव्वळ कचरा" ही बाजू पूर्वीइतकी भक्कम राहिली नाही. माझं स्वतःचं वजन मी सोल्म्सच्या पारड्यात टाकतो. पुन्हा पुन्हा तेच स्वप्न पडणाऱ्या माणसाच्या आयुष्यात तोच विषय दिवसाही कुठेतरी अडकलेला मला बहुधा सापडला आहे.

स्वप्नात साप दिसला तर अमुक, दात पडला तर तमुक, असल्या पुस्तिकांकडे वळू नका. तुमच्या मूर्तीचा अर्थ तुमच्या घराबाहेर कुठेही छापलेला नाही.

आता जे मला खरं सांगायचं आहे ते. ते याच कोल्हापुरात घडलेलं आहे, आणि इथे राहणाऱ्या फार लोकांना ते ठाऊक नसतं.

सतराव्या शतकात संत बहिणाबाई काही काळ कोल्हापुरात राहत होत्या. वय कोवळं, लग्न तिसऱ्या वर्षी झालेलं, नवरा वयाने कितीतरी मोठा आणि तापट. इथे त्यांना जयरामस्वामींच्या कीर्तनात तुकोबांचे अभंग ऐकायला मिळाले. घरात एक कपिला गाय होती, तिच्या वासराला बहिणाबाईंचा इतका लळा की ते कीर्तनालाही मागोमाग यायचं. लोकांत बोलबाला झाला, नवऱ्याला राग आला, त्याने मारहाण केली. पुढे ते वासरू गेलं. बहिणाबाई काही दिवस शुद्धीत नव्हत्या. त्याच काळात कधीही न पाहिलेले तुकोबा त्यांच्या स्वप्नात आले आणि त्यांनी उपदेश दिला. हे सगळं त्यांनी स्वतःच आत्मनिवेदनाच्या अभंगांत लिहून ठेवलंय. जागेपणी हे होणं शक्य नव्हतं. त्या ब्राह्मणाच्या घरच्या, तुकोबा कुणबी, आणि गुरू कोण करायचा हे ठरवण्याचा हक्क बाईला नव्हता. स्वप्नात तो प्रश्न कोणी विचारलाच नाही. पुढे नवरा निवळला, ती मंडळी देहूला गेली, आणि "संतकृपा झाली" हा अभंग ज्यांच्या नावावर आपण शाळेपासून म्हणत आलो त्या बहिणाबाई घडल्या.

हे स्वप्न मी डॉक्टर म्हणून वाचतो तेव्हा त्यातला प्रत्येक धागा ओळखीचा वाटतो. ऐकलेले अभंग आहेत, वासराचं दुःख आहे, मार आहे, दाबून ठेवलेली ओढ आहे. चरकांच्या भाषेत श्रुत, अनुभूत आणि प्रार्थित, तिन्ही एकत्र. तरीही त्या स्वप्नाने बहिणाबाईंचं आयुष्य बदललं, ही गोष्ट माझ्या विश्लेषणाने तसूभरही कमी होत नाही.

खुद्द तुकोबांचंही तसंच. त्यांचे गुरू बाबाजी यांनी स्वप्नात उपदेश केला, पावशेर तूप मागितलं आणि ते द्यायचं राहून गेलं, असं ते सांगतात. पावशेर तुपाचा हा तपशील मला फार आवडतो, कारण खरी स्वप्नं अशीच असतात, मोठ्या गोष्टीच्या शेजारी घरातली साधी वस्तू. आणि कविता करायचा आदेश? तोही स्वप्नातच. नामदेव पांडुरंगाला सोबत घेऊन आले आणि उरलेले अभंग पुरे कर म्हणून सांगून गेले. ज्या समाजात कुणब्याने धर्माचं बोलणं हाच वाद होता, वह्या इंद्रायणीत बुडवायची वेळ आली, तिथे "मला लिहायचंय" हे वाक्य स्वतःच्या बळावर उच्चारणं किती अवघड असेल.

गणितज्ञ रामानुजन यांची गोष्ट आणखी जवळची. आपली सूत्रं नामक्कलच्या नामगिरी देवीची देणगी आहे असं ते मानत. १९१४ साली इंग्लंडला जायची वेळ आली तेव्हा समुद्र ओलांडणं घराला मान्य नव्हतं. चरित्रकार सांगतात की त्यांच्या आईला स्वप्न पडलं: मुलगा युरोपीय लोकांत बसलाय आणि देवी तिला म्हणते, त्याच्या वाटेत येऊ नकोस. आईचा विरोध मावळला. त्या माउलीला मुलाचं मोठेपण दिसत नव्हतं असं थोडंच होतं? दिसत होतं, पण होकार द्यायला तिच्या तोंडी स्वतःचे शब्द नव्हते. ते देवीचे आले.

माणसाचा स्वभावच असा आहे. जी परवानगी आपण स्वतःला देऊ शकत नाही, ती आपण आपल्याहून मोठ्या कोणाच्या तरी तोंडून ऐकतो. ज्याच्या हातात सत्ता आहे त्याला स्वप्नातल्या देवाची गरज कमी भासते. ज्याला बोलायची मुभा नाही त्याच्या स्वप्नात देव बोलतो. यात फसवणूक नाही, स्वप्न पाहणारा शंभर टक्के प्रामाणिक असतो. आणि श्रद्धा नेमकी इथे कामाला येते. ती नसलेली इच्छा निर्माण करत नाही, पण असलेल्या इच्छेला उभं राहायला जागा देते.

आता तुमच्या पत्राचं शेवटचं वाक्य पुन्हा वाचा. माती मळण्यापासून अंगावरच्या रंगापर्यंत तुमचा हात चालत असेल, दागिन्यांचं बारीक काम कदाचित तुमच्याइतकं कोणाला जमत नसेल. पण आखणी बाबा आणि काका करतात. आणि स्वप्नात देवी डोळे कोणाकडे मागते? त्या दोघांकडे नाही. तुमच्याकडे ब्रश नाही हेही तिथे बरोबर दिसतं. आज्जी गेल्यावरच हे का सुरू झालं, ते तुम्ही सांगू शकाल. ती तुमच्या बाजूची होती का? तिने कधी तुमच्यासाठी शब्द टाकला होता का? की तीही उभं आयुष्य त्याच कारखान्यात राबली आणि तिच्याही हातात तो ब्रश कधी आला नाही? मला उत्तर माहीत नाही, पण मी तुमच्यासमोर बसलो असतो तर हेच विचारलं असतं आणि गप्प राहिलो असतो.

उताऱ्याबद्दल. घरच्यांना देवीची ओटी भरायची असेल, अंबाबाईला किंवा जोतिबाला जाऊन यायचं असेल, तर जरूर जा, तुम्हीही जा. ज्या घराने पिढ्यान्‌पिढ्या देव घडवले त्या घराने देवाला नमस्कार करण्यात डॉक्टरने मध्ये पडायचं कारण नाही. माझी हरकत तीन ठिकाणी सुरू होते. कोणी भीती घालून पैसे मागत असेल तिथे, चालू असलेलं औषध किंवा उपचार बंद करायला सांगत असेल तिथे, आणि स्वप्नावरून एखाद्या माणसावर, बहुधा एखाद्या एकट्या बाईवर, करणीचा आळ घेत असेल तिथे. तिसरी गोष्ट सगळ्यांत वाईट. मी तिच्यापायी घरं तुटलेली पाहिली आहेत. महाराष्ट्रात २०१३ पासून जादूटोणाविरोधी कायदा आहे, आणि अशा वेळी पोलिसांत जाता येतं हे घरातल्या मोठ्या माणसांना माहीत असावं. तुमच्या बाबतीत पहिलीच गोष्ट घडताना दिसते. तो मोठा खर्च करू नका. देवीचं काही राहिलं असेल तर ते तुमच्या कारखान्यातच राहिलंय.

भीती उरते. तिच्यावर एक साधा आणि चांगला तपासलेला उपाय आहे. घामाघूम करणारं स्वप्न दिवसा, नीट जागेपणी लिहून काढायचं. मग ते हवं तसं बदलायचं, आणि बदललेलं रोज दहा-वीस मिनिटं डोळ्यांसमोर आणायचं. अमेरिकेत बॅरी क्राको आणि सहकाऱ्यांनी लैंगिक अत्याचार सोसलेल्या स्त्रियांना ही पद्धत शिकवली आणि २००१ साली निष्कर्ष छापले: दुःस्वप्नं कमी झाली, झोप सुधारली. आपल्याकडे मी ती सर्वांत जास्त वापरली ती २०१९ च्या महापुरानंतर. पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट, धोक्याची ४३. पावसाळा लागला की हे आकडे मोबाईलवर फिरायला लागतात आणि नदीकाठच्या गावांतल्या किती जणांची ती जुनी स्वप्नं परत सुरू होतात.

त्यातल्या एका बाईंचं सांगतो, ओळख पटणार नाही इतपत बदलून. त्यांना रोज गोठा दिसायचा. "म्हस दाव्यालाच हाय, पाणी मानंपत्तोर आलंय, आणि माझ्या हातनं गाठ सुटत न्हाई." त्यांना म्हटलं, हे स्वप्न तुमचं आहे, त्यात काय बदलायचं ते तुम्हीच ठरवा. मला वाटलं होतं त्या पाणी ओसरवतील. त्यांनी पाणी तसंच ठेवलं. बराच वेळ विचार करून म्हणाल्या, गाठ कशाला सोडायची, कंबरेला विळा हाय की. दावं कापलं. मग स्वतःच हसल्या: "म्हशीला पवता येतंय, डाक्टर." काही आठवडे रोज त्यांनी तेवढंच मनात आणलं, विळा, कापलेलं दावं, माळाकडे पोहत जाणारी म्हैस. स्वप्न आधी विरळ झालं, मग थांबलं. बदल बाईंनी स्वतः शोधला होता, म्हणून तो टिकला. मी सुचवलेला टिकला नसता.

तुमच्या स्वप्नात काय बदलायचं ते म्हणूनच मी सांगणार नाही. ब्रश सापडेल, की तुम्ही बोटाने आखाल, की देवीला थांब म्हणाल, ते तुम्ही बघा.

चित्राचं म्हणाल तर काढा, आजच सुरू करा. बृहदारण्यक उपनिषदात स्वप्नाबद्दल एक विलक्षण जागा आहे: तिथे रथ नाहीत, घोडे नाहीत, रस्ते नाहीत, पण तो रथ, घोडे आणि रस्ते निर्माण करतो, कारण तोच कर्ता आहे. स्वप्न पाहणाऱ्याला इतक्या जुन्या काळी आपल्या लोकांनी कर्ता म्हटलंय. पण स्वप्नाने कलाकृती आयती हातात पडते, या समजात राहू नका. ऑटो लोवी या शास्त्रज्ञाला मज्जातंतूंचा संदेश रसायनाने जातो हे सिद्ध करणारा बेडकाच्या हृदयाचा प्रयोग स्वप्नात सुचला. पहिल्या रात्री अर्धवट झोपेत खरडलेलं त्याला सकाळी वाचताच येईना. दुसऱ्या रात्री तेच पुन्हा सुचलं तेव्हा तो उठून थेट प्रयोगशाळेत गेला. १९२१ साली शोध छापला, १९३६ साली नोबेल मिळालं. पण ती शंका त्याच्या मनात त्याआधी सतराएक वर्षं होती, आणि बेडकाच्या हृदयावर काम करायचा सराव होता. रामानुजन यांनीही पाटीवर जी आकडेमोड वर्षानुवर्षं केली ती कोणी देवीने करून दिली नव्हती.

झोपेच्या उंबरठ्याचा उपयोग होतो, हे मात्र खरं. पॅरिसमध्ये २०२१ साली झालेल्या एका प्रयोगात लोकांना आकड्यांचं कोडं दिलं, त्यात एक सोपी छुपी युक्ती होती. मध्ये वीस मिनिटं डोळे मिटून विसावायला सांगितलं. जे पूर्ण जागे राहिले त्यांच्यापैकी ३० टक्क्यांना ती युक्ती सापडली, ज्यांना जेमतेम डुलकी लागली त्यांच्यापैकी ८३ टक्क्यांना, आणि ज्यांची झोप गाढ होत गेली त्यांच्यापैकी फक्त १४ टक्क्यांना. डुलकी पंधरा सेकंदांची असली तरी पुरत होती. दुपारी कारखान्यात भिंतीला टेकून डोळा लागतो ना, तीच वेळ. शेजारी वही ठेवा. सकाळी उठल्यावर मोबाईलला हात लावायच्या आधी, डोळे मिटून, ज्या कुशीवर जाग आली त्याच कुशीवर पडून राहा आणि स्वप्नाचं शेवटचं दृश्य पकडा, तिथून मागे जा. लिहू नका, रेखाटा. तुमचा हात शब्दांपेक्षा रेषेत जास्त तयार आहे. रंग कोणता होता, उजेड कुठून येत होता, मूर्तीच्या हातात काय होतं, पायाशी कोणती भांडी पडली होती, हे टिपा. अर्थ लावायची घाई केलीत तर हे तपशील आधी पळतात, आणि चित्र तपशिलावर उभं राहतं. तुकोबांचं तूप विसरू नका.

एक धोका सांगून ठेवतो. स्वप्न रंगवताना ते हुबेहूब उतरवायच्या मागे लागू नका. स्वप्नात जे भव्य वाटलं ते कागदावर बरेचदा साधं दिसतं, आणि माणूस निराश होतो. ती भव्यता भावनेची होती, दृश्याची नव्हती. भावना रेषेत आणायला जी मेहनत लागते ती जागेपणीची आहे आणि तिला कारागिरी लागते. ती तुमच्याकडे घरातूनच आली आहे.

डोळ्यांच्या आखणीचा विषय बाबांपुढे काढायचा की नाही, हे मी ठरवणारा कोण? पण काढलात तर देवीने सांगितलं म्हणून काढू नका. तसं केलंत तर उद्या नाही म्हणणाऱ्यालाही देवीचंच नाव घ्यावं लागेल आणि वाद तुमच्या कामावरून भलतीकडे जाईल. आधी शाडूचे छोटे मुखवटे घेऊन आखणीचा सराव करा, चांगले साधलेले पुढे ठेवा, आणि मला हे काम शिकायचंय असं तुमच्या तोंडाने सांगा.

डॉक्टरकडे कधी यायचं तेही सांगतो. महिनाभर झोपेची वेळ सांभाळूनही स्वप्नाने आठवड्यातून दोन-तीनदा जाग येत असेल, झोपायचीच भीती वाटायला लागली असेल, आज्जीच्या दुःखाने जेवण-काम सुटलं असेल, जगण्यात राम वाटेनासा झाला असेल, किंवा जागेपणीही मूर्तीचा आवाज ऐकू यायला लागला असेल, तर थांबू नका. रक्तदाबाच्या, नैराश्याच्या काही गोळ्यांनी स्वप्नं वाढतात, एखादी गोळी नव्याने सुरू झाली असेल तर ती लिहून देणाऱ्या डॉक्टरांना सांगा, स्वतःहून बंद करू नका. घरातलं कोणी वयस्क माणूस झोपेत हातपाय झाडत असेल, शेजारी झोपलेल्याला मारत असेल, तर त्याला भूतबाधा समजू नका. रेम झोपेत स्नायू ढिले पडायचे ते पडत नाहीत असा एक आजार आहे, आणि पुढे येणाऱ्या कंपवाताची ती कधीकधी कित्येक वर्षं आधीची खूण असते. त्यांना मेंदूविकारतज्ज्ञांकडे न्या.